‘अनलॉक करून मिळेल’ म्हणजे नेमके काय?

जळगावच्या गोलाणी मार्केटमधील मोबाईल दुरुस्तीच्या गाळ्यांवरून नुसती नजर फिरवली, तरी ‘सर्व प्रकारचे लॉक काढून मिळतील’ अशा अर्थाच्या पाट्या दिसतात. या पाट्यांवरचा ‘लॉक’ हा शब्द जितका सोपा वाटतो तितकाच तो घोटाळ्याचा आहे. कारण एका स्मार्टफोनवर एकाच वेळी चार-पाच कुलपे असू शकतात, ती बसवणारे वेगवेगळे असतात, बसवण्यामागची कारणे वेगळी असतात आणि त्यांच्या किल्ल्याही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात. ग्राहकाला मात्र एवढेच कळते की फोन ‘लॉक’ आहे, आणि दुकानदाराला एवढेच सांगायचे असते की तो ‘अनलॉक’ होईल.

हा घोटाळा मला गेल्या वर्षी घरातच पाहायला मिळाला. अमेरिकेत नोकरीला असलेल्या माझ्या मामेभावाने सुट्टीवर येताना स्वतःचा वापरलेला आयफोन १२ अमळनेरला मामींसाठी आणला. मामींचे सिमकार्ड त्यात घातले, तर पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’ असा संदेश आला. ‘‘भाऊ, हाऊ फोन चालू व्हई का?’’ असे मामींनी मला विचारले आणि आम्ही तो घेऊन एका दुकानात गेलो. दुकानदाराने फोन उलटसुलट पाहून सांगितले की अनलॉक होईल, सॉफ्टवेअर मारावे लागेल आणि आतला सगळा डेटा जाईल. त्याच काउंटरवर एक महाविद्यालयीन विद्यार्थी आपला रेडमी घेऊन उभा होता. त्यालाही ‘अनलॉक’च करायचे होते आणि त्यालाही हेच उत्तर मिळाले. विद्यार्थ्याच्या बाबतीत ते बरोबर होते. मामींच्या बाबतीत ते साफ चुकीचे होते, कारण त्यांच्या फोनवरचे कुलूप डेटाशी संबंध नसलेले होते आणि त्याची किल्ली त्या दुकानदाराकडे असणे शक्यच नव्हते.

मामींच्या फोनवर होते ते दूरसंचार कंपनीचे कुलूप, म्हणजे कॅरिअर लॉक किंवा सिम लॉक. अमेरिकेत फोन बहुधा दूरसंचार कंपनीकडूनच, दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांवर किंवा कराराच्या बोलीवर घेतला जातो. किमतीचा काही भार कंपनी उचलते आणि तो पुढील महिन्यांच्या बिलांतून वसूल करते. मधेच ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला तर तिचे नुकसान होते, म्हणून तो फोन केवळ तिच्याच सिमकार्डावर चालावा अशी व्यवस्था ती करून ठेवते. व्यवस्था अगदी साधी असते. प्रत्येक सिमकार्डात ग्राहकाची ओळख सांगणारा एक लांबलचक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे आणि पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनीच्या जाळ्याचे असतात. भारतातील सिमकार्डांचा हा क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, तर अमेरिकेतील ३१० पासून पुढच्या काही क्रमांकांनी. कुलूपबंद फोन सिमकार्ड घातल्याबरोबर हे अंक वाचतो, आपल्याजवळच्या परवानगीच्या नोंदीशी ताडून पाहतो आणि जुळले नाहीत तर त्या सिमवरून जाळ्यात शिरण्याचे नाकारतो. बाकीचा फोन व्यवस्थित चालतो. वायफायवर चित्रफिती दिसतात, छायाचित्रे काढता येतात, एवढेच काय, आणीबाणीचा ११२ हा क्रमांकही लावता येतो.

आपल्याकडे हा प्रकार अनोळखी वाटतो, कारण भारतात फोन एकीकडून आणि सिमकार्ड दुसरीकडून घेण्याची रीत सुरुवातीपासून रुजली. तरीही आपण त्यापासून अगदीच दूर राहिलो असे नाही. २००३ साली रिलायन्स इन्फोकॉमने ५०१ रुपये भरून फोन हाती देणारी ‘मान्सून हंगामा’ योजना आणली, तेव्हा ते सीडीएमए पद्धतीचे संच घरोघरी पोहोचले. त्यांत सिमकार्डच नसे, क्रमांक संचातच बसवलेला असे आणि त्यामुळे कंपनी बदलायची तर संचच बदलावा लागे. २००८ च्या ऑगस्टमध्ये एअरटेल आणि व्होडाफोन यांनी भारतात आणलेला आयफोन ३जी ज्याच्या त्याच्या जाळ्याला बांधलेला होता. २०१७ सालचा जिओफोन, ज्यासाठी १,५०० रुपये अनामत घेतली जात होती, तोही केवळ जिओच्याच सिमवर चालत असे. म्हणजे स्वस्तात किंवा सवलतीत मिळालेल्या वस्तूला दोरी बांधलेली असते, हा अनुभव आपल्याला आहे. फक्त त्या दोरीला आपण ‘लॉक’ म्हणत नव्हतो.

ही दोरी किती काळ असावी यावर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे निर्णय घेतले आहेत. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकण्यालाच बंदी केली. अमेरिकेत गंमत अशी झाली की सिम लॉक काढणे हा प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याचा भंग ठरतो की नाही, असा प्रश्न निर्माण झाला. तेथील १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलपे फोडण्यावर बंदी घातली होती. फोनला त्यातून दिलेली सूट २०१३ च्या जानेवारीत संपली, लोकांनी आरडाओरडा केला आणि शेवटी १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तेव्हापासून स्वतःच्या फोनचे हे कुलूप काढणे ग्राहकासाठी तेथे वैध आहे. परंतु वैध असणे वेगळे आणि शक्य असणे वेगळे, कारण किल्ली अजूनही कंपनीच्याच हातात असते.

ती किल्ली पूर्वी अंकांच्या रूपात असे. प्रत्येक संचाची ओळख सांगणाऱ्या पंधरा अंकी आयएमईआय क्रमांकाला अनुसरून एक कोड ठरलेला असे आणि परके सिम घातल्यावर फोन तो कोड मागे. नोकियाच्या काही जुन्या संचांचा कोड तर आयएमईआयवरून गणिताने काढता येत असे आणि तसे करणारी लहानशी सॉफ्टवेअर दुकानांमध्ये सर्रास वापरली जात. ‘मिनिटभरात अनलॉक’ ही कल्पना त्या काळातून आलेली आहे. पुढे कंपन्यांनी गणित सोडून यादृच्छिक कोड वापरायला सुरुवात केली आणि चुकीच्या प्रयत्नांची संख्या मर्यादित केली; मर्यादा ओलांडली की खरा कोड टाकूनही काही अँड्रॉइड संच उघडत नाहीत. आयफोनमध्ये तर टाकायला कोडच नसतो. कोणता आयफोन कोणत्या जाळ्याला बांधलेला आहे याची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते, दूरसंचार कंपनीने कळवल्यावर ती नोंद बदलते आणि फोन इंटरनेटला जोडला गेल्यावर नवी नोंद उचलतो. गावातल्या दुकानात बसून त्या नोंदीला हात लावता येत नाही.

म्हणून मामींच्या फोनसाठी आम्ही मामेभावालाच कामाला लावले. त्याचे दोन हप्ते बाकी निघाले, ते त्याने भरले, कंपनीच्या संकेतस्थळावरून अर्ज केला आणि काही दिवसांनी फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्याखालील ‘अबाउट’ या पानावर ‘कॅरिअर लॉक’ या शब्दांपुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे उमटले. एकही छायाचित्र गेले नाही आणि दुकानात एक रुपयाही द्यावा लागला नाही. परदेशातून फोन आणणाऱ्या नातेवाइकांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट येथेच नोंदवतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासून सिमकार्डाचा खणच काढून टाकलेला आहे. असा फोन कुलूपमुक्त असला तरी त्यात आपले प्लास्टिकचे सिम बसणार नाही, ई-सिम, म्हणजे फोनमध्येच सॉफ्टवेअरने उतरवले जाणारे सिम, घ्यावे लागेल.

बूटलोडर म्हणजे दारावरचा पारखी

त्या विद्यार्थ्याला हव्या असलेल्या अनलॉकची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचीही, कारण फोन विकत घेणारा त्याचा किती अंशी मालक होतो हा प्रश्न तेथे येतो.

फोन सुरू करण्याचे बटण दाबल्यावर अँड्रॉइड लगेच सुरू होत नाही. आधी एक लहान प्रोग्रॅम जागा होतो, तो पुढच्याला जागे करतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि या साखळीच्या शेवटी अँड्रॉइड पडद्यावर येते. सुरुवातीच्या या प्रोग्रॅमना मिळून बूटलोडर म्हणतात. साखळीतील पहिली कडी प्रोसेसरच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेली असते. ती नंतर बदलता येत नाही. बदलता येत नसल्यामुळेच ती विश्वासाचा पाया ठरते आणि त्याच कारणामुळे तिच्यात चूक राहिली तर ती जन्मभराची राहते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ‘चेकमेट’ या अर्थाचे नाव मिळालेली अशीच एक चूक आयफोन ४एस पासून आयफोन १० पर्यंतच्या संचांमध्ये जाहीर झाली आणि ॲपलला ती त्या फोनांमध्ये कोणत्याही अपडेटने दुरुस्त करता आली नाही.

पहिली कडी पुढच्या कडीला उगाच जागे करत नाही, आधी तिची पारख करते. जळगावच्या सराफ बाजारात सोने घेणाऱ्याला ही पारख समजावून सांगण्याची गरज नाही. दागिन्यावर हॉलमार्कची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो पाहून दागिना मान्य केंद्रातून तपासून आला आहे हे कळते. दागिना सुंदर आहे की नाही, घडणावळ रास्त आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. फोनमधील सॉफ्टवेअरवरही उत्पादक कंपनीची अशीच एक गणिती सही असते. ती सही करणारी गुप्त किल्ली कंपनीकडे असते आणि सही तपासण्यासाठी लागणाऱ्या उघड किल्लीचा ठसा चिपमधील सूक्ष्म फ्यूज कायमचे जाळून कोरलेला असतो. सहीवरून दोनच गोष्टी सिद्ध होतात: हे सॉफ्टवेअर कंपनीने दिलेले आहे आणि वाटेत त्यात कोणी फेरफार केलेला नाही. ते चांगले आहे, जाहिरातींनी भरलेले नाही किंवा त्यातील सुरक्षेच्या त्रुटी भरून काढल्या आहेत, असे ती सही म्हणत नाही. बूटलोडरविषयीचे सगळे वाद या एका फरकातून निघतात, म्हणून तो लक्षात ठेवावा.

बूटलोडर ‘लॉक’ असणे म्हणजे दारावरचा हा पारखी आपले काम कठोरपणे करत असणे. अँड्रॉइडमध्ये ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने घट्ट होत गेली. २०१३ च्या ४.४ आवृत्तीत पाया घातला गेला, २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून फेरफार आढळल्यास फोन सुरू होऊ न देण्याचा कडक नियम आला आणि २०१७ च्या ८.० आवृत्तीबरोबर जुन्या, त्रुटी असलेल्या आवृत्तीकडे परत जाण्याला आडकाठी करण्याची सोय आली. कित्येक गिगाबाइटची सिस्टिम दर वेळी सुरुवातीलाच तपासत बसले तर फोन सुरू व्हायला फार वेळ लागेल, म्हणून तेथे एक चलाख युक्ती वापरली आहे. सिस्टिमचे ४ किलोबाइटचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाचा गणिती ठसा काढतात, त्या ठशांचे पुन्हा ठसे काढतात आणि असे वर चढत चढत शेवटी एकच ठसा उरतो. सही फक्त त्या एकावर असते. पुढे फोन चालू असताना जो तुकडा वाचायची वेळ येईल तेवढ्याचाच ठसा ताडून पाहिला जातो, आणि एका अक्षराचा फरक असला तरी तो पकडला जातो.

तपासणीचा निकाल अँड्रॉइड रंगांत सांगते. उत्पादकाची सही जुळली तर हिरवा. मालकाने स्वतःची किल्ली बसवून पुन्हा कुलूप लावले असेल तर पिवळा. कुलूपच उघडे असेल तर नारिंगी. आणि तपासणी फसली तर लाल. हिरव्या अवस्थेत काहीच दिसत नाही. नारिंगी अवस्थेत मात्र फोन सुरू करताना प्रत्येक वेळी काही सेकंद इशारा झळकतो, आणि जुना फोन विकत घेताना तो इशाराच आपल्या कामी येतो.

कुलूप उघडण्याची रीत गुपित नाही. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपरसाठीचे पर्याय खुले होतात, त्यांत ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय चालू करायचा, फोन संगणकाला जोडून फास्टबूट अवस्थेत, म्हणजे अँड्रॉइड सुरू न होता बूटलोडर संगणकाच्या आज्ञा ऐकतो त्या अवस्थेत, न्यायचा आणि तेथे अनलॉकची आज्ञा द्यायची. त्यानंतर फोनच्याच पडद्यावर इशारा येतो आणि फोनवरच्या बटणांनी होकार द्यावा लागतो, म्हणजे फोन प्रत्यक्ष हातात असल्याशिवाय हे काम पुरे होत नाही. होकार देताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते.

ही पुसापुशी अनेकांना कंपनीचा खोडसाळपणा वाटतो. तो तसा नाही. समजा, भुसावळ स्थानकाच्या गर्दीत तुमचा फोन चोरीला गेला आणि चोराने त्याचे बूटलोडर उघडून स्वतःचे सॉफ्टवेअर आत चढवले. डेटा जागच्या जागी राहत असता तर त्याला तुमची छायाचित्रे, निरोप आणि कागदपत्रे यांच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मिळाला असता. म्हणून नियम असा की कुलूप उघडायचे तर तिजोरी आधी रिकामी होईल. आधुनिक फोनांत तर डेटा सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो उलगडण्याच्या किल्ल्या कुलपाच्या अवस्थेशीच जोडलेल्या असतात. अवस्था बदलली की त्या किल्ल्या निरुपयोगी होतात.

प्रत्येक कंपनी ही किल्ली सारख्याच सहजतेने देत नाही. गुगलचे पिक्सेल बहुधा वरील रीतीने उघडतात. मोटोरोलाच्या अनेक संचांत फोनने दिलेली लांबलचक अक्षरमाला कंपनीच्या संकेतस्थळावर भरावी लागते आणि मग कोड मिळतो. शाओमी फोन खात्याशी जोडायला लावते आणि अनेकदा १६८ तास, म्हणजे सात दिवस, थांबायला लावते. अलीकडे तिचे नियम आणखी कडक झाले आहेत. चोराला घाई असते आणि खऱ्या मालकाला नसते, असा या वाट पाहण्यामागचा हिशेब आहे आणि तो मला पटतो. हुआवेने २०१८ मध्ये कोड देणेच बंद केले, ते मात्र पटत नाही. इतर काही कंपन्या तर मुळात दारच ठेवत नाहीत, आणि अशा फोनचे ‘अनलॉक’ कोणी करून देत असेल तर तो चिपमधल्या किंवा सेवा केंद्रांसाठी ठेवलेल्या व्यवस्थेतल्या एखाद्या त्रुटीचा फायदा घेत असतो. दुकानांतील ‘बॉक्स’ आणि ‘डोंगल’ या दुरुस्तीच्या उपकरणांचे काम बऱ्याच अंशी असेच चालते.

कुलूप उघडल्याने फोनमध्ये आपोआप काही नवे येत नाही, हेही सांगायला हवे. अनलॉक, रूट आणि कस्टम रॉम या तीन गोष्टी बोलताना एकच समजल्या जातात. अनलॉक म्हणजे पारख्याला बाजूला करणे. रूट म्हणजे चालू असलेल्या सिस्टिममध्ये सर्वाधिकार मिळवणे. कस्टम रॉम म्हणजे कंपनीची सिस्टिम काढून दुसरी बसवणे. पहिली गोष्ट केल्याशिवाय पुढच्या दोन सहसा करता येत नाहीत, पण पहिली करून थांबताही येते.

लोक हे करतात ते मुख्यतः फोनचे आयुष्य वाढवण्यासाठी. पूर्वी स्वस्त फोनांना जेमतेम दोन वर्षे नव्या आवृत्त्या मिळत. काच शाबूत, बॅटरी बदलण्याजोगी, आणि तरी सॉफ्टवेअर म्हातारे, अशी त्यांची गत होई. लिनिअजओएससारखे स्वयंसेवकांनी चालवलेले प्रकल्प अशा संचांसाठी नवे अँड्रॉइड तयार करतात. २०१६ च्या अखेरीस बंद पडलेल्या सायनोजेनमॉडच्या पायावर हा प्रकल्प उभा राहिला. माझ्याकडच्या एका जुन्या फोनवर मी तो चढवला आणि यावलजवळच्या केळीच्या मळ्यात हवामान पाहणे, पंपाच्या मोटारीचे निरोप घेणे आणि इतर संचांना इंटरनेट पुरवणे एवढ्या कामासाठी ठेवला आहे. तो फोन माझे पैसे हाताळत नाही, आणि ही अट मी जाणूनबुजून घातली आहे.

कारण खरी किंमत तेथेच मोजावी लागते. बँकांची आणि यूपीआयची ॲप फोनवर विश्वास ठेवावा की नाही हे गुगलच्या ‘प्ले इंटिग्रिटी’ या तपासणीवरून ठरवू शकतात, आणि चिपमधून मिळणाऱ्या दाखल्यात बूटलोडर उघडा असल्याचे लिहिलेले असते. काही ॲप तरीही चालतात, काही चालत नाहीत आणि आज चालणारे उद्याच्या अपडेटनंतर बंद पडू शकते. ज्या जिल्ह्यांत भाजीच्या हातगाडीपासून कापसाच्या अडत्यापर्यंत क्यूआर कोडचे फलक लागले आहेत, तेथे रोजच्या वापराच्या एकुलत्या एका फोनवर हा जुगार खेळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. याशिवाय काही संचांवर चित्रपटांचे प्रक्षेपण एचडीऐवजी कमी दर्जाचे दिसू लागते. सॅमसंगच्या फोनांत परके सॉफ्टवेअर चढवल्यावर नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा एक फ्यूज जळतो आणि ‘सिक्युअर फोल्डर’सारख्या सोयी कायमच्या जातात, मूळ सॉफ्टवेअर परत घातले तरी जळालेला फ्यूज जुळत नाही.

दोन चुका तर फोनच्या जिवावर बेततात. पहिली म्हणजे जुनी आवृत्ती चढवणे. परत जाण्याला आडकाठी असलेल्या फोनमध्ये मागची आवृत्ती घातली तर तो कायमचा निपचित पडू शकतो. त्याला दुकानात ‘डेड’ म्हणतात आणि हौशी मंडळी ‘ब्रिक’, म्हणजे वीट, म्हणतात. दुसरी चूक अधिक कपटी आहे. कस्टम रॉम तसाच ठेवून ‘आता सुरक्षित करून टाकू’ म्हणून बूटलोडर पुन्हा लॉक केले, तर परतलेल्या पारख्याला आतल्या सॉफ्टवेअरवर कंपनीची सही सापडत नाही आणि तो दार लावून घेतो. आधी मूळ सॉफ्टवेअर पूर्णपणे परत बसवायचे आणि मगच कुलूप लावायचे, हा क्रम चुकता कामा नये. स्वतःची किल्ली बसवून पुन्हा लॉक करण्याची, म्हणजे पिवळ्या अवस्थेची, सोय पिक्सेलसारख्या मोजक्याच संचांत आहे.

उरलेली कुलपे आणि जुना फोन घेताना

ही दोन कुलपे स्वतंत्र आहेत. बूटलोडर उघडल्याने सिम लॉक जात नाही आणि सिम लॉक गेल्याने बूटलोडर उघडत नाही. क्वचित त्यांची गाठ पडते: अमेरिकेतील काही दूरसंचार कंपन्यांनी विकलेल्या पिक्सेल फोनांत ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय धूसर दिसतो आणि त्यावर बोट ठेवून उपयोग होत नाही.

याखेरीज गुगल किंवा ॲपलच्या खात्याचे कुलूप असते. आयफोनमध्ये ते २०१३ मध्ये आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ५.१ आवृत्तीपासून आले. फोन रिसेट केल्यावरही आधीच्या मालकाचा पासवर्ड मागितला जातो, तो यामुळे. दुकानदार त्याला ‘एफआरपी’ (फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन) म्हणतात. त्याची किल्ली आधीच्या मालकाकडेच असते, आणि मालक सापडत नसेल तर तो का सापडत नाही हा पहिला प्रश्न आहे.

आपल्या भागात आता सर्वाधिक भेटणारे कुलूप मात्र हप्त्याचे आहे. दिवाळीत कर्जावर घेतलेल्या फोनमध्ये पहिल्यांदा सुरू करतानाच कर्ज देणाऱ्या कंपनीचे ॲप ‘डिव्हाइस ओनर’ म्हणून, म्हणजे जवळजवळ मालकाच्या अधिकाराने, बसवलेले असते. हप्ता चुकला की ते कॅमेरा, ॲप किंवा सगळा पडदाच बंद करू शकते आणि सेटिंग्जमधून रिसेट करण्याचा मार्गही अडवून ठेवू शकते. फोन घेताना दहा सह्यांमध्ये आपण याला संमती देऊन बसतो, आणि दुकानात हे क्वचितच कोणी समजावून सांगते. कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला घ्यावाच, पण त्याबरोबर ते ॲप फोनमधून खरोखर काढले गेले आहे का हेही पाहावे. नाहीतर पुढे फोन विकताना घेणाऱ्याच्या गळ्यात ते लोढणे जाते.

आणि आयएमईआय हे तर कुलूपच नाही, ती फोनची ओळख आहे. चोरीला गेल्याची नोंद झालेला फोन जाळ्यातून बाद केला जातो. असा फोन ‘अनलॉक’ करून देतो म्हणणारा माणूस प्रत्यक्षात त्याचा आयएमईआय बदलत असतो, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बूटलोडर उघडून प्रयोग करताना ज्या विभागात ही ओळख आणि रेडिओची जुळवणी साठवलेली असते तो विभाग खराब होऊन आयएमईआय नाहीसा झाल्याचीही उदाहरणे आहेत, म्हणून जाणकार मंडळी सर्वांत आधी त्या विभागाची प्रत काढून ठेवतात.

जुना फोन घेताना म्हणून सुरतेहून आलेला असो की शेजारच्या गल्लीतला, पैसे देण्याआधी पंधरा मिनिटे लागतील ती लागू द्यावीत. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडावा. केवायएम ही तीन रोमन अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा किंवा सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासावे. फोन काळ्या यादीत असेल तर तेथे कळते. विक्रेत्याला समोरच फोन रिसेट करायला लावावे आणि तो जुन्या खात्याचा पासवर्ड न मागता नव्याने सुरू होतो का ते पाहावे. सुरू होताना बूटलोडरचा इशारा झळकला तर त्याचे कारण विचारावे. सगळ्यात शेवटी आपले स्वतःचे सिमकार्ड घालून घरी एक फोन लावावा. मामेभावाने निघण्यापूर्वी तिकडेच एखाद्या मित्राचे दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहिले असते, तर मामींची अमळनेर ते जळगाव अशी बसची खेप वाचली असती.